थांबा. मी आहे.

४ जून

अंगठाबहाद्दरास,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की नुसता अंगठा पाठवतोस. "आईच्या कपाटाचं काय करू?" अंगठा. "तुझ्या भाचीला ताप आहे." अंगठा. परवा मुद्दाम लिहिलं, "मेलास का रे?" त्यालाही अंगठा! म्हणून आज कागद घेतला. याला तरी काही उत्तर येतं का बघू.

पेपरात वाचलं की तू 'निळा रक्षक' मालिका सोडलीस. सात वर्षांचं काम, आणि सख्ख्या बहिणीला कळतं ते पेपरातून, तेही ऑफिसच्या, शिपायाने चहाचा डाग पाडलेल्या. कारण काय, तर म्हणे "वैयक्तिक". खाली लिहिलंय की तू सेटवर सगळ्यांदेखत मुखवटा फरशीवर आपटलास. डोक्यात हवा गेली, दारू वाढली, दिग्दर्शकाशी बिनसलं, ज्याला जे सुचेल ते. काल कोर्टात तीन वकिलांनी मला गाठून विचारलं, "काय हो, तुमच्या भावाचं काय झालं?" जन्मभर दुसऱ्यांच्या साक्षी उतरवून घेतल्या मी, आणि आता व्हरांड्यात माझीच उलटतपासणी.

तुझ्या भाचीच्या डब्यावर तुझं चित्र आहे. खाली ते वाक्य, "थांबा. मी आहे." वर्गातली पोरं म्हणतात, तुझा मामा थांबला नाही, पळाला. आता ती डबा फडक्यात गुंडाळून नेते.

खरं सांगू? मला नवल वाटलं नाही. आई गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास? "मला येता येणार नाही, शूटिंग आहे." एवढंच. तिसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून आलास, तासभर खुर्चीत बसलास, कोणाशी चकार शब्द बोलला नाहीस आणि अर्धा चहा टाकून निघून गेलास. काका म्हणाले, "मोठा माणूस झाला, आपल्याशी काय बोलणार." मी मान खाली घातली. ज्या शूटिंगपायी आईला पोचवायला आला नाहीस, ते शूटिंगही आता सोडलंस. मग धरून काय बसला आहेस?

ताई


१९ जून

ताई,

धरून काय बसलोय विचारतेस? गुडघे.

हसू नकोस. त्या निळ्या पोशाखाचं वजन अकरा किलो. वरून रबर, आतून स्पंज, आणि दिवसभर डोक्यावर दिवे. मुखवट्याला मागे तीन बकलं आहेत, ती दुसऱ्या माणसाशिवाय निघत नाहीत. जगाला वाचवणारा हिरो मी, आणि लघवीला जायचं तर दोन माणसं हाताशी लागतात. छतावरून उडी मारायला माझा डमी आहे, पण उडी मारून झाल्यावर एका गुडघ्यावर बसायचं काम माझं. सात वर्षं एकाच गुडघ्यावर! डॉक्टर म्हणाले, बस झालं. म्हणून सोडलं. पेपरवाल्यांना गुडघ्यात काय गंमत? त्यांना दारू लागते.

निर्मात्याचंही डोकं फिरलंय. त्याला वाटतं निळ्या म्हणजे फक्त पोशाख, आत कोण आहे याला महत्त्व नाही. त्याच्याशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं, आणि भिंत निदान मध्येच फोन तरी घेत नाही.

भाचीला सांग, त्या वाक्यात तसाही काही दम नव्हता. ते कसं आलं तुला ठाऊक आहे ना? कागदावर होतं, "पळा! पळा इथून! पुढचं मी पाहतो!" लिहिणाऱ्याने जणू माझ्यावर सूड घेतला होता. आईने लहानपणी माझं नाव पोपट ठेवलं, का, तर "प" घोटून घोटून सुटेल म्हणून, आणि शाळेत नाव विचारलं की मी प-प-प करत उभा, आणि शेजारून तू, "पोपट म्हणतात याला घरी." माझी निम्मी वाक्यं तूच पुरी केलीस. तर पहिल्या दिवशी तीनशे माणसांच्या गर्दीसमोर ते चार "प" दिसले आणि मी घाबरून म्हणालो, "थांबा. मी आहे." दिग्दर्शक उडालाच. म्हणाला, काय विचार केलास, सगळे हिरो लोकांना पळायला सांगतात आणि हा थांबायला सांगतो! विचार कसला, अडलं होतं म्हणून वाट बदलली. तेच मग दप्तरांवर, डब्यांवर, पाण्याच्या बाटल्यांवर.

त्या दिवशीच्या फोनचं म्हणतेस ते, तू म्हणतेस तर तसंच असेल. तू कोर्टातली.

हल्ली फोनवर बोलायला नको वाटतं. पत्र बरं. भावोजींना नमस्कार.

पोपट


२५ जून

गुडघे म्हणे!

तुला काय वाटलं, मी पेपर वाचून गप्प बसेन आणि तू गुडघ्यांच्या गोष्टी सांगून मला हसवशील? हसले, दोनदा हसले, ते कबूल. पण मी वीस वर्षं माणसांची उत्तरं लिहून घेतेय. जो माणूस विचारलेलं सोडून बाकी सगळं तपशिलात सांगतो, तो काय लपवतोय एवढंच शोधायचं उरतं.

"तू म्हणतेस तर तसंच असेल." हे काय उत्तर झालं? आमच्याकडे एखादा साक्षीदार असं बोलला की न्यायाधीश चष्म्यावरून बघतात. आई गेली ती काय तुझ्या आठवणीत नाही? आठवत नाही, की आठवायचं नाही? शेवटच्या महिन्यात ती रोज विचारायची, "पोपटाचा फोन आला का?" मी सांगायची, कामात आहे. टीव्हीवर तू आलास की आवाज मोठा करायला लावायची. तोंडावर मुखवटा, चेहरा दिसायचा नाही, पण म्हणायची, "आवाज बघ कसा स्वच्छ झालाय गं." त्या बाईसाठी तुझ्याकडे दोन शब्द नव्हते.

आता नीट ऐक. ९ ऑगस्टला तिला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी दुपारी चार वाजता मी फोनपाशी बसेन. फोन कर. आईबद्दल चार वाक्यं बोल. रड, भांड, मला शिव्या दे, काहीही कर, पण तोंडाने बोल. मेसेज नको, पत्र नको. नाही आला फोन, तर मला भाऊ नाही असं मी धरून चालेन. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. रात्रभर झोपून, सकाळी चहा घेऊन लिहिते आहे. मी लिहिलेलं खोडत नाही हे तुला माहीत आहे.

ताई


२८ जुलै

ताई,

महिनाभर हे पत्र लिहून फाडतोय. आजचं नववं. हे फाडलं तर ९ तारीख उजाडेल आणि तू मला नात्यातून काढशील, म्हणून हे पाठवतोच.

गुडघे खरे आहेत. पण गुडघ्यांनी मला हाकललं नाही.

मला बोलता येत नाही, ताई. परत आलंय ते. लहानपणी "प" होता, आता "म" आहे. "प" ला वाटा होत्या. पाणी अडलं तर जल म्हणून मोकळा व्हायचो, लोक हसायचे पण काम व्हायचं. "मी" ला काय म्हणू सांग! "मी" च्या जागी घालायला भाषेत दुसरा शब्दच नाही. आणि माझं सगळं पोट ज्या वाक्यावर, त्यात तेच अक्षर अडकलं. "थांबा" म्हणतो आणि थांबतो.

कधीपासून ते ऐक. गेल्या वर्षी तुझा फोन आला तेव्हा मी पोशाखात होतो. हातमोज्यांनी फोन धरता येत नाही, म्हणून पोशाखवाल्या मावशींनी तो मुखवट्याच्या कानापाशी धरला. तू म्हणालीस, "आई गेली." मला म्हणायचं होतं, "मी येतो." दोनच शब्द. "म" आला आणि जबडा बंद झाला. आतमध्ये माझाच श्वास माझ्या तोंडावर येत होता. मी "म... म..." करतोय आणि तू पलीकडून म्हणालीस, "काय? मला येता येणार नाही? शूटिंग आहे? बरं. कळलं. राहू दे, नको येऊस." आणि फोन बंद.

तू माझं वाक्य पुरं केलंस, नेहमीसारखं.

तरी मी निघायला हवं होतं. पाय शाबूत होते. पण तिथे दहा माणसं विचारणार, कसा आहेस, कधी निघालास, आणि मी त्यांच्यासमोर आ वासून उभा राहणार, तोही आईपुढे, जिला वाटत होतं की माझा आवाज स्वच्छ झालाय. मला लाज वाटली. दिवसभर पोशाख न काढता मेकअपच्या खोलीत बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी आलो तेव्हा चष्म्याआड नुसता बसलो. यात माझाच भित्रेपणा आहे, तो तुझ्या अंगावर टाकत नाही.

मालिकेत कोणाला कळलं नाही, कारण निळ्याचं तोंड मुखवट्यात. आवाज नंतर बंद खोलीत भरायचा. तिथे एक आवाजवाला आहे, त्याला सगळे कानसेन म्हणतात. "मी आहे" चे चाळीस प्रयत्न झाल्यावर त्याने काही न बोलता जुन्या भागांतून माझंच वाक्य उचललं आणि चिकटवलं. दहा महिने निळ्या जुन्या तुकड्यांवर बोलतोय. शेवटी निर्मात्याला कळलं. मला वाटलं चिडेल. तो खूश झाला! म्हणाला, "मग अडलंय कुठे? सात वर्षांचा आवाज आमच्याकडे आहे. तू फक्त उभा राहा." अशी डोक्यात तिडीक गेली म्हणून सांगू! माझा आवाज त्याच्या कपाटात, माझी उंची पोशाखात, मग मी कशाला हवा?

आणि मुखवटा. तो आपटला त्या दिवशी आत श्वास कोंडला. "काढा" म्हणायचं होतं, तर "क" सुद्धा गेला. हातांनी खुणा केल्या, गळ्याकडे दाखवलं. दिग्दर्शक ओरडला, "वा! चालू ठेव, चालू ठेव!" मी मरतोय आणि हा वाहवा करतोय. शेवटी बकलं तुटेपर्यंत ओढला आणि आपटला. पेपरात त्याचा फोटो आला. फोटोत मी खरंच दारुड्यासारखा दिसतो.

तर तू तोंडाने बोल म्हणतेस. तेवढं सोडून बाकी काहीही माग.

पोपट


२ ऑगस्ट

पोपटा,

पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. तुझे भावोजी विचारत होते काय झालं, त्यांना हात करून गप्प केलं.

कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट शिकवली होती. साक्षीदार अडखळला तर टिंबं द्यायची. रडला तर "रडला" लिहायचं. पण त्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही, तो काय म्हणणार हे कितीही स्वच्छ दिसत असलं तरी नाही. वीस वर्षांत मी एका चोराच्याही तोंडात शब्द घातला नाही. आणि तुझ्या तोंडात जन्मभर घातले. वर्षभर मी काकांना, मावशीला, शेजारणीला, सगळ्यांना सांगत फिरले, "तो म्हणाला, येता येणार नाही." तू म्हणालाच नव्हतास! ते वाक्य माझं होतं. मी बोलले, मीच ऐकलं आणि त्यावरून तुला शिक्षा दिली. हे वाचल्यापासून मला जेवण गेलं नाही.

तरीही मी चिडले आहे, हेही लिहून ठेवते. वर्ष, अरे! एक अख्खं वर्ष! त्या खुर्चीत बसला होतास तेव्हा एका चिठ्ठीवर खरडून दाखवता आलं नसतं? मी तुझी प-प-प ऐकत लहानाची मोठी झाले, मला लाजायचं काय होतं? आईला स्वच्छ आवाज आवडला असेल, पण ती विचारायची पोपटाचा फोन आला का, निळ्याचा नाही. एवढंही कळू नये? तुला धरून बदडावंसं वाटतंय आणि बदडून झाल्यावर जेवायला वाढावंसं वाटतंय.

भाचीला सगळं सांगितलं. तिने बराच विचार केला आणि विचारलं, "मग मामाला तो निळा पोशाख घरी नेऊ देतील का?" हिच्याकडून सहानुभूती मिळेल या आशेवर राहू नकोस.

आता ९ तारखेचं. मी लिहिलेलं खोडत नाही. चार वाजता फोन कर. चार वाक्यं नकोत, पण फोन कर. अडकलास तर अडक. मी कुठे जात नाही.

ताई


५ ऑगस्ट

ताई,

तू फार हट्टी आहेस. हे लहानपणापासून सांगायचं होतं, "ह" कधी अडला नाही, पण हिंमत नव्हती.

काल संध्याकाळी नव्या निळ्याचा पहिला भाग लागला. माझ्याकडे टीव्ही बंद होता, पण शेजाऱ्यांच्या भिंतीतून ऐकू आलं. पोशाख त्या नव्या मुलाला, वाक्य माझ्याच आवाजात. "थांबा. मी आहे." काय ठणठणीत! मी भांडी घासत होतो. हातातलं ताट तसंच धरून भिंतीला म्हणालो, "म... म..." आणि भिंतीपलीकडून तोच आवाज परत, "मी आहे." इतका राग कोणावर काढू, ताई? चोरी झाल्याची तक्रार करावी, तर चोरीला गेलेला मीच.

बरं, करतो फोन. पण अटी आहेत. शब्द सुचवायचा नाही. "हळू बोल", "श्वास घे" नको. "हं, हं" पण नको, ते हाकलल्यासारखं वाटतं. रडायचं असेल तर फोन लांब धर. आणि कितीही वेळ लागला तरी बंद करू नकोस.

तू चार वाक्यं मागितली होतीस. मी एकच आणतोय.

पोपट


९ ऑगस्ट

पोपटा,

मला दुसरं काही येत नाही, म्हणून जे येतं ते केलं. आपला आजचा फोन उतरवून घेतला आहे. पक्की प्रत पाठवते.

चार वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. (उशीर. नोंद केली.)

ती : बोल.

तो : म...

(शांतता. घड्याळाप्रमाणे एक मिनिट.)

तो : म... म...

(शांतता. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. उतरवून घेणारीच्या तोंडात "मला", "मरू दे" आणि "मावशी" असे तीन शब्द आले. तिने पदराचा बोळा तोंडात धरला. हे खोटं नाही, भावोजी साक्षीदार आहेत.)

तो : (जोरात श्वास. काहीतरी आपटल्याचा आवाज.)

तो : म... श्शी!

(शांतता. दोन मिनिटं. फोन चालू आहे की बंद, हे कळेना.)

ती : मी आहे.

(अटींत हे बसत नाही. पण तिने त्याचा शब्द घेतलेला नाही, स्वतःचा बोलली.)

तो : म... म... मी...

(शांतता. उतरवून घेणारी हलली नाही.)

तो : मी ये... येतो.

चार वाजून अकरा मिनिटं. वाक्य पूर्ण. बोलणाऱ्याने स्वतः पूर्ण केले. त्यात दुसऱ्या कोणाचा एकही शब्द नाही.

यापुढे दोन्हीकडून आवाज आले, पण उतरवून घेणारीला कागद दिसत नव्हता, त्यामुळे नोंद नाही.

हे वाक्य गेल्या वर्षीच्या ९ ऑगस्टचं आहे, ते त्या तारखेला लावायचं. उद्या काकांकडे आणि मावशीकडे जाऊन मी हा कागद मोठ्याने वाचून दाखवणार आहे, टिंबांसकट. वर्षभर जे खोटं सांगत फिरले ते माझ्याच तोंडाने मागे घेईन. काका काहीतरी बोलतीलच. बोलू देत.

ताई

ता. क. : वाचून बघ. बरोबर असेल तर खाली सही कर. टपालाने पाठवायचं नाही, स्वतः घेऊन यायचं. आणि अंगठा चालणार नाही.